हिरव्या पाण्यातली उपासमार

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचं लांबुळकं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळूच्या दांड्याआड दोन उथळ खाड्या आहेत, ग्रेट साउथ बे आणि मोरिचेस बे. 'ब्लू पॉइंट' या नावानं गाजलेली कालवं इथलीच. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कालवं खंगायला लागली. शिंपला उघडला की आत भरदार मांसाऐवजी पाणचट, फिकट लगदा निघे. गंमत म्हणजे खाडीत अन्नाची टंचाई मुळीच नव्हती. काठावर बदकपालनाचा धंदा जोरात होता, लाखो बदकांची विष्ठा ओढ्यांतून खाडीत उतरत होती आणि त्या खतावर पाण्यात सूक्ष्म शैवाल माजलं होतं. पाणी नुसतं हिरवंगार. कालव तर पाणी गाळून त्यातलं शैवालच खातं. म्हणजे ताट काठोकाठ भरलेलं, आणि पंगतीत बसलेला उपाशी.

वूड्स होलच्या सागरविज्ञान संस्थेतल्या जॉन रायदर यांनी या खाड्यांचा अभ्यास करून १९५४ साली निबंध लिहिला. त्यांना आढळलं की बदकांच्या मळातून युरिया, युरिक आम्ल अशा रूपात येणारा नायट्रोजन पचवण्यात काही बारक्या हिरव्या जाती तरबेज होत्या. नॅनोक्लोरिस आणि स्टिकोकोकस ही त्यांतली दोन मुख्य नावं. त्यांनी इतका जम बसवला की कालवं पूर्वी ज्यांच्यावर पोसली जात, ते डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचातली सूक्ष्म शैवालं, मागे पडले. शैवालाचं प्रमाण वाढलं, पण जात बदलली.

जात बदलल्यानं एवढं काय बिघडतं, याचं समाधानकारक उत्तर त्या वेळी कुणाकडेच नव्हतं. पेशी फार बारीक असाव्यात, त्यांचं कवच पचत नसावं, त्यांतून एखादं विष सुटत असावं, असे तर्क चालत. त्यांतले काही खरेही होते. पण उत्तराचा मोठा हिस्सा पेशीतल्या तेलाच्या थेंबात होता, आणि तो सापडायला आणखी तीसएक वर्षं जायची होती. तोवर जगभरच्या कालव, कोळंबी आणि मासे वाढवणाऱ्यांनी योग्य शैवालं निवडून वापरातही आणली होती. कशाच्या जोरावर, तर पिलं जगतात की मरतात हे रोज डोळ्यांनी पाहून. या शास्त्रात रसायनशास्त्रज्ञ उशिरा आले, आणि आल्यावर त्यांनी बरंचसं आधीच ठरलेलं खरं असल्याचं दाखवून दिलं, असं माझं मत आहे. अर्थात एका ठिकाणी मात्र ते आले नसते तर फार महागात पडलं असतं. ती हकीकत जपानची, पुढे येईलच.

सुरुवात ब्रिटनच्या किनाऱ्यापासून करायला हवी. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०-२१च्या सुमारास, युरोपातली मूळची चपटी कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. निसर्गावर विसंबून भागेना, तेव्हा कालवांचं बीज माणसानं स्वतः तयार करावं हा विचार पुढे आला. वेल्समधल्या कॉन्वी इथे सरकारी केंद्र होतं. खरं तर ते शिणाण्यांमधले रोगजंतू घालवण्यासाठी उभारलेलं, पण तिथे मोठ्या टाक्या होत्या. हर्बर्ट कोल या तरुण शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात त्या टाक्यांत कालवं सोडली. माद्यांनी अळ्या सोडल्या, पण पुढचं सगळं नशिबावर. एखाद्या वर्षी टाकीतल्या फरशांवर हजारो पिल्लं चिकटत, एखाद्या वर्षी एकही नाही. कोलनं पाण्याला खत म्हणून खेकड्याचं मांस वाटून घातलं. पाण्यात शैवाल वाढलं, कधी अळ्याही तगल्या. त्यात एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. दोन शेपट्यांनी पोहणाऱ्या, कवच नसलेल्या अतिसूक्ष्म पेशी पाण्यात भरपूर असल्या, की त्या वर्षी बीज चांगलं पडे.

मग त्या पेशी कोणत्या? हा प्रश्न आयल ऑफ मॅन बेटावरच्या पोर्ट एरिन इथे सोडवला गेला. लिव्हरपूल विद्यापीठाचं सागरी केंद्र तिथे होतं आणि मेरी पार्क ही शैवालांची अभ्यासक तिथे काम करत होती. जन्म १९०८चा, शिक्षण लिव्हरपूललाच. तिच्या कामाचं स्वरूप आज वाचताना सोपं वाटतं. केंद्रातल्या माशांच्या तळ्याचं पाणी घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली एकच एक पेशी हेरायची, अगदी बारीक तोंडाच्या काचनळीनं ती उचलायची, निर्जंतुक थेंबात सोडायची, पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची. प्रत्येक थेंबागणिक सोबतचे उपटसुंभ जीव मागे राहतात. शेवटी एकट्या पेशीची नळी तयार होते. तिला खाणं म्हणजे समुद्राचं पाणी, चिमूटभर नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि बागेतली माती उकळून गाळलेला काढा. हा मातीचा काढा तेव्हाच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरत. त्यात नेमकं काय काम करतं हे ठाऊक नव्हतं, पण त्याशिवाय बऱ्याच जाती वाढत नसत. पुढे कळलं की त्यातली धातूंचे लवमात्र क्षार आणि काही जीवनसत्त्वं कामाला येत होती.

अशा वेगळ्या काढलेल्या पेशींना आधी नाव नव्हतं, नुसती अक्षरं होती. १९३८ मध्ये मिळालेली 'आय' या अक्षराची पेशी पाच-सहा मायक्रॉनांची, सोनेरी तपकिरी रंगाची. मादीनं नुकतीच सोडलेली कालवाची अळी जेमतेम पावणेदोनशे मायक्रॉनांची असते, तिच्या तोंडात मावेल असाच हा घास. ब्रूस, नाइट आणि पार्क या तिघांनी अशा एकेका शैवालावर अळ्या वाढवून पाहिल्या आणि १९४० साली निबंध छापला. नेमक्या एका जातीचं शैवाल देऊन कालवाच्या अळ्या कशा वाढतात, हे त्यात प्रथमच शिस्तीनं मांडलेलं होतं. 'आय' अव्वल ठरली.

तोवर युद्ध पेटलं होतं. जंतूंची वाढ तपासण्यासाठी लागणारं अगार ब्रिटनला जपानकडून मिळे, ते थांबलं; पार्कना ब्रिटिश किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळ धुंडाळण्याच्या कामावर लावलं गेलं. 'आय'ला शास्त्रीय नाव मिळायला १९४९ उजाडलं. आयसोक्रायसिस गॅल्बाना. जगातल्या बहुतेक कालव-हॅचऱ्यांत, म्हणजे कालवांचं बीज तयार करणाऱ्या केंद्रांत, आज जे शैवाल वाढवतात त्यात हे किंवा याचे भाऊबंद असतातच. पार्क १९७२ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या.

याच काळात, पूर्ण स्वतंत्रपणे, जपानमध्ये मोतोसाकू हुदिनागा कोळंबीच्या अळ्यांशी झगडत होते. कुरुमा जातीच्या कोळंबीनं त्यांच्याकडे अंडी घातली १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात. अंड्यातून निघालेली अळी पहिले दीड-दोन दिवस पोटातल्या बलकावर जगते, मग झोइया अवस्थेत तिला शैवाल लागतं, आणि तिथेच सगळ्या मरत. हुदिनागांना उत्तर मिळालं ते स्केलेटोनेमा या डायटममध्ये, साखळी करून वाढणाऱ्या काचेच्या डब्यांत. त्यांचा सविस्तर प्रबंध १९४२ मध्ये आला. तोही युद्धाच्या धामधुमीत.

युद्धानंतर कामाचा केंद्रबिंदू अमेरिकेत सरकला, कनेक्टिकटमधल्या मिलफर्डला. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख व्हिक्टर लूसानॉफ, कीव्हहून आलेले रशियन निर्वासित. त्यांच्याकडे हॅरी डेव्हिस आणि रॉबर्ट गिलार्ड होते. डेव्हिस आणि गिलार्ड यांनी १९५८ मध्ये दहा प्रजातींची परीक्षा घेतली. कालव आणि तिसऱ्यांच्या अळ्यांना कुणावर किती बाळसं धरतं? आयसोक्रायसिस आणि मोनोक्रायसिस या दोघी वरच्या, कवचबंद क्लोरेलासारख्या हिरव्या पेशी बऱ्याच खाली. पुढे १९७० मध्ये कॉन्वीच्या पीटर वॉल्नी यांनी एकोणीस प्रजातींवर असाच प्रयोग केला. क्रम थोडेफार बदलले, चित्र तेच राहिलं. गिलार्ड यांचं आणखी एक देणं म्हणजे त्यांनी ठरवलेलं शैवालाचं खत, 'एफ' आणि त्याची निम्मी मात्रा 'एफ बाय टू'. मातीच्या काढ्याची सद्दी त्यानं संपवली. आज आंध्रातल्या हॅचरीतल्या मुलालाही 'एफ बाय टू' म्हटलं की लगेच कळतं. गिलार्ड यांनी १९५८ मध्ये मोरिचेस खाडीच्याच पाण्यातून वेगळा काढलेला एक चिमुकला डायटम, थॅलॅसिओसिरा स्यूडोनाना, २००४ मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेला पहिला डायटम ठरला.

आता रसायनशास्त्राकडे वळू. १९२९ मध्ये मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांच्या खाण्यातून स्निग्ध पदार्थ पूर्णपणे काढून टाकले. उंदरांच्या शेपट्यांवर खवले आले, वाढ खुंटली, ते मेले. तोवर तेल-तूप म्हणजे निव्वळ ऊर्जा असा समज होता. काही मेदाम्लं शरीराला बाहेरूनच मिळावी लागतात, हे या प्रयोगानं दाखवलं. ॲबरडीनच्या टोरी संशोधन केंद्रात जॉन लव्हर्न पुढच्या दशकात माशांच्या आणि प्लवकांच्या चरबीचं पृथक्करण करत होते. माशांच्या तेलातली लांबलचक साखळीची मेदाम्लं मुळात समुद्री वनस्पतींतून येत असावीत, हा विचार त्यांच्या कामातून पुढे आला. अडचण अशी होती की जुन्या पद्धतीनं चरबी वेगळी करायला ती भरपूर लागे, आणि शैवालाच्या एका बाटलीतून निघते जेमतेम नखावर मावेल एवढी. १९५२ मध्ये लंडनच्या मिल हिलमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायू क्रोमॅटोग्राफी हे तंत्र आणलं. सुईच्या टोकाएवढ्या नमुन्यातली मेदाम्लं एकामागून एक सुटी होऊन कागदावर शिखरांच्या रांगेत उमटू लागली. हॅलिफॅक्सच्या रॉबर्ट ॲकमन यांनी १९६०च्या दशकात समुद्री शैवालांच्या अशा रांगांचा सपाटाच लावला.

ही शिखरं म्हणजे काय, ते थोडक्यात. मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची साखळी असते. मध्ये मध्ये दुहेरी बंध असले की साखळी लवचिक होते, थंडीतही गोठत नाही. शेपटाकडून मोजताना तिसऱ्या कार्बनवर पहिला दुहेरी बंध आला तर ती ओमेगा-३. आपल्या जवसात असतं ते मेदाम्ल अठरा कार्बनांचं आणि तीन दुहेरी बंधांचं. समुद्रात मात्र वीस कार्बन-पाच बंधांचं ईपीए आणि बावीस कार्बन-सहा बंधांचं डीएचए या दोघांचं राज्य आहे. पेशींची आवरणं, डोळा, मेंदू, मज्जातंतू यांच्या बांधणीत डीएचए लागतं. गोड्या पाण्यातला ट्राउट मासा जवसाच्या जातीचं मेदाम्ल खाऊन त्याची साखळी स्वतः लांबवू शकतो. समुद्रातल्या टर्बट माशाला ते जवळपास जमत नाही, हे ॲबरडीनच्या ओवेन, काऊई आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये किरणोत्सारी खूण केलेली मेदाम्लं वापरून दाखवलं. टर्बट किंवा त्याच्यासारखे मासे आळशी म्हणावेत, तर तसं नाही. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या तयार डीएचए घरपोच मिळालं, त्यांना ते घडवण्याची यंत्रणा सांभाळायची गरजच पडली नाही.

आता जपान. १९६३ मध्ये सेतो अंतर्देशीय समुद्रात मासे वाढवून सोडण्यासाठी संस्था स्थापन झाली. किनाऱ्यावरचे मासे आटत चालले होते, तेव्हा हॅचरीत पिलं जन्माला घालून समुद्रात सोडायची अशी योजना. त्यात मानाचं पान मादाईला, लाल रंगाच्या त्या माशाला, ज्याच्याशिवाय जपानी लग्नाची मेजवानी पुरी होत नाही. मादाईचं पिलू अंड्यातून निघतं तेव्हा तीनेक मिलिमीटरचं असतं आणि तीन-चार दिवसांनी त्याचं तोंड उघडतं. हॅचऱ्यांत पिलांना खाऊ घालतात त्या आर्टेमिया या कोळंबीच्या गोतातल्या चिमुकल्या जिवाची अळीसुद्धा त्या तोंडात मावत नाही. मग घास कुठला?

उत्तर आलं ते एका उपद्रवी जिवाकडून. ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचा सूक्ष्म प्राणी माजे आणि पाणी बिघडवी. मिए प्रांतातले ताकाशी इतो यांच्या लक्षात आलं की हा शत्रूच पिलांचं खाणं होऊ शकतो. पाव मिलिमीटरपेक्षाही लहान, संथ पोहणारा, आणि अन्न मिळालं की दिवसागणिक दुपटीनं वाढणारा. १९६०च्या आसपास इतोंनी तो वाढवायची रीत बसवली, आणि काही वर्षांत मादाईच्या पिलांना तो देणं सुरू झालं.

रोटिफरला स्वतःला शैवाल लागतं. हॅचऱ्यांनी त्यासाठी 'सागरी क्लोरेला' नावाच्या हिरव्या शैवालाच्या मोठमोठ्या टाक्या उघड्यावर लावल्या. इथे व्यवहार आडवा आला. शैवालाला ऊन लागतं, जागा लागते, पावसाळ्यात ते रुसतं, कधी एका रात्रीत टाकी पांढरी पडते. तेव्हा हाचिरो हिराता आणि मोरी यांनी १९६७ मध्ये पावाच्या यीस्टवर रोटिफर वाढवून दाखवले. यीस्ट बेकरीच्या दुकानात पोत्यानं मिळतं. दहा लाख रोटिफरांना दिवसाला साधारण १ ग्रॅम यीस्ट पुरतं. ना उन्हाची वाट, ना टाक्यांची जागा. रोटिफर असे फोफावले की पाण्याला नुसती वळवळ सुटायची. हॅचऱ्यांत यीस्टचा बोलबाला झाला. कुणालाही झाला असता.

आणि मादाईची पिलं मरू लागली. रोटिफर पोटभर खाऊन, पोट फुगलेलं दिसत असताना मरू लागली. मरण्याआधी ती निस्तेज होत. टाकीतून हलवताना, पाणी बदलताना, एरवी निरोगी पिलू सहज सोसतं तेवढ्या धक्क्यानं ही ढिगानं मरत. रोग म्हणावा तर जंतू सापडत नव्हता. पाण्याचे दोष शोधले गेले, तेही मिळाले नाहीत.

नागासाकी प्रांताच्या मत्स्यप्रयोग केंद्रातले चिकारा किताजिमा यांनी शेवटी बोट ठेवलं ते रोटिफरवरच. १९७६ मध्ये त्यांनी कोदांसह प्रसिद्ध केलेल्या कामातून दिसलं की यीस्टवर वाढवलेले रोटिफर पिलांना घातक ठरतात. आणि त्याहून मोलाची गोष्ट अशी की तेच रोटिफर देण्यापूर्वी काही तास 'सागरी क्लोरेला'त सोडले, तर पिलं तगतात. केवळ काही तास! एवढ्यात रोटिफरचं प्रथिन बदलत नाही, आकार बदलत नाही. त्याच्या पोटात जे भरलेलं आहे तेच काय ते बदलतं.

तोक्यो मत्स्यविद्यापीठाचे ताकेशी वातानाबे यांनी ते रोटिफर वायू क्रोमॅटोग्राफमधून काढले. यीस्टच्या चरबीत सोळा आणि अठरा कार्बनांची, एकच दुहेरी बंध असलेली मेदाम्लं मुख्यतः असतात. ईपीए-डीएचएचा पत्ता नाही. रोटिफर बहुतांशी जे खातो तेच अंगात साठवतो, त्यामुळे त्याच्यातही ईपीए-डीएचए नाममात्रच. 'सागरी क्लोरेला'त ईपीए भरपूर होतं. मादाईला हेच लांब साखळीचं मेदाम्ल लागतं, आखूड साखळीच्या तेलावर तिचं भागत नाही, हे क्यूशू विद्यापीठात यासुओ योने यांनी स्वतंत्रपणे दाखवलेलं होतं. दोन टोकं जुळली. पिलं पोटभर जेवत होती, पण त्यांच्या पेशींची आवरणं बांधायला लागणारा माल जेवणात नव्हता. पिलांची तब्येत ताडण्यासाठी या संशोधकांनी एक कठोर परीक्षा वापरली. पिलं जाळीत घ्यायची, थोडा वेळ हवेत धरायची, पाण्यात परत सोडायची आणि किती जगतात ते मोजायचं. वजन-लांबी सारखी असलेली दोन पिलं या परीक्षेत वेगवेगळी निघत. मला हा सगळ्या हकीकतीतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो, कारण नुसत्या वाढीच्या आकड्यांवर भरवसा ठेवला असता तर दोष आणखी काही वर्षं दडून राहिला असता.

मग उपाय झटपट आले. वातानाबे आणि मंडळींनी यीस्ट वाढवतानाच त्यात माशाचं तेल मिसळलं, त्याला 'ओमेगा यीस्ट' म्हटलं गेलं. पुढे तेलाचं दुधासारखं पायस करून ते रोटिफरांना थेट पाजायची पद्धत रूढ झाली. आर्टेमियाबद्दलचं एक जुनं गूढही यात उकललं. सॅन फ्रान्सिस्कोचे किंवा अन्य ठिकाणचे आर्टेमियाच्या अंड्यांचे डबे, एका खेपेला पिलं धष्टपुष्ट, दुसऱ्या खेपेला मरतुकडी, असं का व्हायचं? वातानाबे यांनी आर्टेमियाची दोन प्रकारांत वाटणी केली. एकात जवसाच्या वळणाचं मेदाम्ल जास्त, दुसऱ्यात ईपीए जास्त. समुद्री माशांना दुसराच मानवतो. १९८३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे सगळं एका मोठ्या आढाव्यात मांडलं, आणि तो जगभरच्या हॅचऱ्यांचा पाया ठरला.

या कथेला एक शेपूट आहे. खरं क्लोरेला ईपीए बनवत नाही. मग 'सागरी क्लोरेला'त ते कुठून आलं? १९८० च्या दशकात मारुयामा आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा हे क्लोरेला नव्हेच, ते नॅनोक्लोरॉप्सिस ऑक्युलाटा निघालं. हिरवं दिसणारं, पण हिरव्या शैवालांशी नातं नसलेलं, डायटमांच्या दूरच्या कुळातलं. वर्षानुवर्षं जपानी हॅचऱ्यांनी चुकीच्या नावाखाली बरोबर शैवाल वाढवलं होतं. याउलट कुणी केवळ नावावर विसंबून गोड्या पाण्यातलं खरं क्लोरेला आणलं असतं, तर पिलांचा निकाल यीस्टइतकाच वाईट लागला असता.

कालवांच्या बाजूनंही हाच मुद्दा सिद्ध झाला. लँग्डन आणि वॉल्डॉक यांनी १९८१ मध्ये पॅसिफिक कालवाच्या पिल्लांना ड्युनालिएला हे हिरवं शैवाल दिलं. यात कवच नसतं, पचायला हलकं, प्रथिनं भरपूर, पण लांब साखळीची मेदाम्लं नाहीत. पिल्लांची वाढ खुरटी. मग त्याच आहाराला डीएचए भरलेल्या अतिसूक्ष्म पुड्यांची जोड दिली. वाढ सुधारली. पेशीचा आकार, कवच, विष हे सगळे जुने संशय बाजूला ठेवून एकटं मेदाम्ल दोषी असू शकतं, हे इथे सुटसुटीतपणे दिसलं.

या कहाणीचा शेवटचा मोठा टप्पा टास्मानियात, होबार्टला. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत शर्ली जेफ्री यांनी सूक्ष्म शैवालांचा जिवंत संग्रह उभा केला होता. क्लोरोफिल 'सी'चं शुद्धीकरण करणाऱ्या म्हणून त्या आधीच नावाजलेल्या. टास्मानियात कालवपालन वाढत होतं, हॅचऱ्या जेफ्रींकडून शैवालांच्या नळ्या नेत. कुठलं वापरावं, हा प्रश्न ओघानं आलाच. त्यावर जॉन व्होल्कमन, जेफ्री, पीटर निकोल्स आणि इतर दोघांनी १९८९ मध्ये हॅचऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या दहा जातींची मेदाम्लं छापली. आधीही असे आकडे होते, पण प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं, आपापल्या उजेडात वाढवलेल्या शैवालाचे. व्होल्कमन मंडळींनी सगळी एकाच ठराविक परिस्थितीत वाढवून, वाढीच्या भरात असतानाच काढली. म्हणून त्यांचा तक्ता आजही उगाळला जातो.

त्यात दिसलेलं चित्र कुळांप्रमाणे वाटलं गेलं होतं. किटोसेरॉस, स्केलेटोनेमा, थॅलॅसिओसिरा हे डायटम ईपीएचे धनी, डीएचए मात्र थोडं. ताहितीहून आलेल्या आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगलं, ईपीए अगदी कमी. पॅव्हलोव्हामध्ये, म्हणजे जुन्या मोनोक्रायसिसमध्ये, दोन्ही. क्रिप्टोमोनॅड कुळातल्या क्रूमोनासमध्येही दोन्ही. टेट्रासेल्मिसमध्ये थोडं ईपीए, डीएचए नाही. आणि तळाला दोन हिरवी, ड्युनालिएला आणि नॅनोक्लोरिस, ज्यांत अठरा कार्बनांच्या आसपासचाच माल. मिलफर्ड आणि कॉन्वीच्या मंडळींनी अळ्या मोजून जो क्रम लावला होता, त्याच्याशी हा तक्ता बऱ्यापैकी जुळतो. एकेकटं शैवाल देण्यापेक्षा आयसोक्रायसिस आणि किटोसेरॉस मिसळून द्यावं, ही हॅचरीवाल्यांची सवय का फळते, तेही त्यात स्पष्ट झालं. एकीकडे नाही ते दुसरीकडे मिळतं.

तक्त्यावर डोळे मिटून विसंबणं मात्र धोक्याचं. त्याच पेशीला नायट्रोजन कमी पडला, टाकी जुनी झाली, उजेड बदलला, की तिच्यातलं तेल वाढतं खरं, पण ते बहुधा संपृक्त आणि आखूड जातीचं. वाढ थांबलेल्या टाकीतलं शैवाल अंगानं गुबगुबीत आणि आहाराला निकस असू शकतं. शिवाय मेदाम्ल म्हणजे सर्वस्व नव्हे. क्लोरेलाच्या कवचाचा अडसर खराच आहे. टेट्रासेल्मिस कोवळ्या अळीच्या तोंडाला मोठं पडतं. ताहितीचं आयसोक्रायसिस आयसोक्रायसिसही नाही, टिसोक्रायसिस ल्युटिया ही वेगळी प्रजात आहे, असं २०१३ मध्ये ठरलं.

भारतात ही परंपरा आली तुतीकोरिनला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तिथे १९७३ मध्ये मोत्याच्या कालवात गोल मोती घडवून दाखवला, आणि के. अलगरस्वामी यांच्या चमूनं १९८१ मध्ये त्या कालवाचं बीजही हॅचरीत तयार केलं. अळ्यांचं खाणं आयसोक्रायसिस गॅल्बाना. पोर्ट एरिनच्या तळ्यात उचललेल्या पेशीचं नाव त्रेचाळीस वर्षांनी मन्नारच्या आखाताकाठी येऊन पोचलं होतं.

आपल्या कोकणात पालघर, रायगड, रत्नागिरीच्या खाजणांत कोळंबी वाढवणाऱ्यांपर्यंत बीज येतं ते बहुतेक पूर्व किनाऱ्यावरच्या आंध्र-तामिळनाडूतल्या हॅचऱ्यांतून. २००९ मध्ये व्हनामी कोळंबीला परवानगी मिळाल्यापासून हा ओघ वाढला. शेतकरी सौदा करताना बीज किती दिवसांचं, रोगाची चाचणी झाली का, किंमत काय, हे विचारतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो बीजाची पिशवी हातात घेतो त्याच्या दोनेक आठवडे आधी, झोइया अवस्थेच्या त्या चार-पाच दिवसांत टाकीत किटोसेरॉस घातलं की थॅलॅसिओसिरा, ते ताजं होतं की मरगळलेलं, यावर त्या बीजाची पुढची धाव बऱ्याच अंशी ठरलेली असते. हॅचरीतला शैवालाचा कप्पा वातानुकूलित असतो, रात्रंदिवस दिवे जळतात, चपला बाहेर काढाव्या लागतात. १९९२ मध्ये कुटो आणि सॉर्गेलूस यांनी जगभरच्या शिंपल्या-कालवांच्या हॅचऱ्यांची पाहणी केली, तेव्हा बीजाच्या एकूण खर्चात साधारण ३० टक्के वाटा या शैवालाचाच असल्याचं निघालं. तो वाचवण्यासाठी वाळवलेली भुकटी, गोठवलेला गोळा, यीस्ट, तेलाच्या पुड्या असे पर्याय आले आणि काही टिकलेही. कोवळ्या अळीच्या पहिल्या घासासाठी मात्र बहुतेक हॅचऱ्या अजूनही जिवंत शैवालच वाढवतात.